कमी पैशात रोडिओ आणि रोपिंगचे फोटो: लेन्सच्या आधी सकाळचा स्लॅक शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही जुन्नरकडचे, बैलगाड्याच्या घाटात उभं राहून फोटो काढायची सवय असलेले. वर्षभरापूर्वी टेक्सासला आलात. जवळच्या काउंटीच्या रोडिओला, म्हणजे काउबॉयांच्या घोडे-गुरांच्या खेळांना, शुक्रवारी रात्री गेलात, आठशे फोटो काढले आणि त्यांतले जेमतेम चार धड आले. कॅमेरा कॅननचा, जुना, क्रॉप सेन्सरचा. सोबत १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स. वर खर्चायला चारशे डॉलर. कोणती लेन्स घ्यावी?

लेन्स सांगतो. पण तुमचे फोटो लेन्समुळे बिघडले नाहीत, शुक्रवारच्या रात्रीमुळे बिघडले. मी बारा-तेरा वर्षं टेक्सासच्या छोट्या रिंगणांत हौसेने फोटो काढतो आहे. पहिल्या उन्हाळ्यात मीही हेच केलं होतं, म्हणून हे ठामपणे सांगतो.

इथल्या रोडिओचा क्रम ठरलेला असतो. सुरुवातीला बेअरबॅक, म्हणजे खोगिराशिवाय उधळणारा घोडा, आणि सगळ्यात शेवटी बुल रायडिंग. उन्हाळ्यात कार्यक्रम साडेसात-आठला सुरू होतो आणि सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो. म्हणजे लोक ज्याच्यासाठी तिकीट काढतात तो वळू बाहेर येतो, तेव्हा उजेड संपलेला असतो. छोट्या रिंगणातल्या दिव्यांखाली मला एफ २.८ (लेन्सचं तोंड; आकडा लहान तितका प्रकाश जास्त) आणि १/५०० सेकंदाच्या शटरला साधारण आयएसओ ६४०० लागतो. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची ताकद; तो वाढला की फोटो दाणेदार होतो. तुमची ५५-२५० लांब टोकाला एफ ५.६ पर्यंतच उघडते. म्हणजे चौपट कमी प्रकाश, आयएसओ २५६००. त्यात माती, टोपीखालचा काळवंडलेला चेहरा आणि काळा वळू. चार फोटो आले हेच पुष्कळ झालं.

आता दुसरी बाजू बघा. रोडिओला नाव नोंदवणारे स्पर्धक तिकीटवाल्या कार्यक्रमात मावत नाहीत. उरलेल्यांच्या फेऱ्या वेगळ्या घेतात, त्याला इथे स्लॅक म्हणतात. तो कधी रात्री कार्यक्रम संपल्यावर असतो, पण बऱ्याच ठिकाणी सकाळी. प्रेक्षक नसतात, प्रवेश बहुतेक वेळा फुकट असतो, आणि कुंपणाला टेकून उभं राहिलात तरी कोणी हटकत नाही. स्लॅकमध्ये मुख्यतः घड्याळावर चालणारे खेळ असतात: टीम रोपिंग, टाय-डाउन, ब्रेकअवे, स्टीअर रेसलिंग, बॅरल रेसिंग (हे सगळे पुढे सांगतो). ऊन स्वच्छ असतं आणि तुमच्या ५५-२५० ला तेवढंच हवं असतं. एफ ५.६, १/१२५०, आयएसओ ४०० वर काम होतं. एक डॉलरही खर्च न करता.

स्लॅकपेक्षाही मोठी शाळा म्हणजे रोपिंगचे, म्हणजे दोराने जनावर पकडण्याचे, जॅकपॉट. इथे वळू नाहीत, निवेदकाची आतषबाजी नाही. फक्त जोड्या येतात, प्रवेश फी भरतात आणि दिवसभर दोर टाकतात. आपल्याकडे घाटात एकामागून एक बारी सुटते ना, तसंच, फक्त दर मिनिटाला एक. दिवसाला शेकडो फेऱ्या होतात. तीच हालचाल त्याच जागी पुन्हा पुन्हा होते. चुकलेला क्षण मिनिटभराने परत समोर येतो. नवशिक्याला यापेक्षा जास्त काय हवं?

म्हणून माझा सल्ला असा की सुरुवात वळवांपासून करू नका, टीम रोपिंगपासून करा. ते नीट कळलं की बाकी सगळं सोपं जातं. एक फेरी मी जरा सावकाश सांगतो, कारण फोटो तिथेच दडलेला आहे.

मधल्या अरुंद लोखंडी खोड्यात शिंगं असलेला स्टीअर उभा असतो. स्टीअर म्हणजे खच्ची केलेला, आपल्या भाषेत बैल. बुल तो वळू. रोपिंगला बहुधा कोरिएंटे जातीचे हलके, काटक बैल असतात आणि दोर घासू नये म्हणून त्यांच्या शिंगांच्या बुडाला पट्टा गुंडाळलेला असतो. खोड्यामागून रिंगणाकडे पाहिलं, तर डाव्या बाजूच्या बॉक्समध्ये हेडर, म्हणजे शिंगांवर दोर टाकणारा स्वार, आणि उजव्या बाजूच्या बॉक्समध्ये हीलर, म्हणजे मागच्या पायांवर टाकणारा. हेडर मान हलवतो. ही मान म्हणजे तुमची घंटा. खोड्याचं दार उघडतं, बैल सुटतो. त्याला ठरावीक आघाडी द्यावी लागते. हेडरने घाई करून अडसराची दोरी तोडली तर १० सेकंदांचा दंड. मग हेडर फास फिरवत बैलाच्या डाव्या अंगाला येतो आणि शिंगांवर फेकतो. फास बसला की दोराची मोकळी बाजू खोगिराच्या पुढच्या खुंटाला गुंडाळतो. याला डॅली म्हणतात. मेक्सिकोकडच्या गुराख्यांच्या स्पॅनिशमधल्या ‘दाले वुएल्ता’चं, म्हणजे ‘वेढा दे’चं ते इंग्रजी बोलण्यातलं रूप. रोडिओ हा शब्दही तिथलाच, ‘रोदेआर’वरून आलेला, गुरं वेढून गोळा करणं.

डॅली झाली की हेडर घोडा डावीकडे वळवतो. बैलाचं डोकं त्याच्याबरोबर वळतं आणि मागचं अंग बाहेर फेकलं जातं. आता हीलर उजवीकडून आत येतो आणि मागच्या दोन्ही पायांसमोर फास उभा टाकतो. बैल उडी मारतो ती त्या फासातच. एकच पाय सापडला तर ५ सेकंदांचा दंड. दोन्ही दोर ताणले गेले, घोडे समोरासमोर आले, की झेंडा पडतो आणि घड्याळ थांबतं. पट्टीचे लोक हे चार-पाच सेकंदांत करतात, गावच्या जॅकपॉटला आठ-दहा सेकंद लागतात.

एवढ्यात तीन फोटो आहेत. पहिला, फास हेडरच्या हातातून सुटून शिंगांवर उघडा तरंगतो तो. दुसरा, वळणाचा: दोर ताठ, बैलाची मान वळलेली, घोड्याचा मागचा भाग मातीत रुतलेला आणि हेडरची नजर स्वतःच्या हाताकडे. तिसरा, हीलरचा फास आणि हवेत असलेले मागचे दोन खूर. शेवटी घोडे समोरासमोर थांबतात तो चौथा क्षण निवांत दिसतो आणि सगळे नवखे तोच काढून घेऊन येतात, कारण तो सापडतो. तो सोडून द्या.

तिसरा क्षण पकडायची युक्ती मला हीलर लोकांनीच शिकवली. वळण झाल्यावर बैल एका लयीत उड्या मारतो आणि हीलर दर उडीला फास एकदा फिरवतो. दोन्हीची लय जुळली की फेकतो. तुम्हीही तोंडातल्या तोंडात मोजा: उडी, उडी, आणि फेक. नुसतं बटन दाबून धरल्याने हा क्षण मिळत नाही. हिशेब करा. घोडा ताशी ४० किलोमीटरने पळत असेल तर सेकंदाला ११ मीटर जातो. तुमचा कॅमेरा सेकंदाला पाच फोटो काढत असेल तर दोन फोटोंमध्ये दोन मीटरहून जास्त अंतर निघून गेलेलं असतं. खूर आणि फास त्या फटीत निसटतात. तीन-चार फोटोंची छोटी फैर काढा, पण पहिला फोटो मोजून. शटरचाही हिशेब हाच: १/१००० ला घोडा ११ मिलिमीटर सरकतो, १/२५० ला ४४. दोराचं टोक त्याहून वेगाने जातं, म्हणून दिवसा १/१२५० च्या खाली मी उतरत नाही.

उभं कुठे राहायचं? हेडर डावीकडे वळतो, म्हणून खोड्यामागून पाहिल्यावर जे डावं कुंपण, त्याच्या मध्याच्या थोडं पुढे. तिथे घोडा तुमच्याकडे येतो, बैलाचं तोंड तुमच्याकडे वळतं आणि त्यामागे हीलर फेकताना दिसतो. तिघंही एका चौकटीत. उजव्या कुंपणापाशी राहिलात तर सगळ्यांच्या पाठी मिळतील. मात्र सकाळचं ऊन कोणत्या बाजूने येतंय तेही बघा. समोरून येत असेल तर टोपीखालचे चेहरे काळे पडतात. मग मी एक्सपोजर दोन तृतीयांश स्टॉप वाढवतो किंवा धुरळ्याचाच फोटो करायचा ठरवतो. उलट्या उन्हात पेटलेला धुरळा आणि त्यात दोराची एक रेघ, हा माझा सगळ्यात आवडता फोटो आहे.

गुडघ्यावर बसा. कुंपण पाइपचं असतं, खालच्या दोन पाइपांमधून काढा. खूर उंच दिसतात, मागे आभाळ येतं, ट्रक-ट्रेलर आणि फिरती शौचालयं खाली दबतात. चौकट सैल ठेवा. फास किंवा दोराचं टोक कापलं गेलं की फोटो गेला, मग तो कितीही तीक्ष्ण असो. कुंपणापासून मला ९० ते १३५ मिलिमीटर पुरतात. २५० वर जायचा मोह आवरा.

फोकस सततच्या मोडवर ठेवा, कॅननमध्ये एआय सर्व्हो. सगळे बिंदू कॅमेऱ्याच्या हवाली करू नका, तो समोरचा पाइप पकडतो. मधला एक बिंदू किंवा छोटा गट निवडा आणि तो हेडरच्या छातीवर ठेवा. फोकस अंगठ्याच्या बटनावर घेतला तर आणखी बरं: दोर फेकला जातो तेव्हा कोणी मध्ये आलं तरी अंगठा उचलायचा, फोकस जागेवर राहतो. एक्सपोजर मॅन्युअल. ऑटोवर ठेवलं तर पांढरा घोडा आला की कॅमेरा अंधार करतो, काळा आला की उजळतो. माती आणि ऊन मात्र तेच असतं. एकदा मातीवर मोजून घ्या आणि ढग येईपर्यंत विसरा.

डॅलीबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. ताणलेला दोर आणि खुंट यांमध्ये अंगठा सापडला तर तो जातो. इथल्या जुन्या रोपर्समध्ये अंगठा नसलेले हात मी बरेच पाहिलेत. एका म्हाताऱ्या हेडरने मला बोलावून सांगितलं, माझा चेहरा नको, डॅलीचा फोटो काढ. मी १३५ वर नुसता हात आणि खुंट घेतला. चार बोटं, दोराचे दोन वेढे, हातमोज्याचा झिजलेला तळवा आणि अंगठ्याच्या जागी दुमडून शिवलेलं कापड. तेव्हापासून वळणाच्या फोटोत मी आधी हाताकडे बघतो. हेडर त्या अर्ध्या सेकंदात किती जपून असतो हे कळलं की तो फोटो काढायची घाई होत नाही.

बाकीच्या खेळांबद्दल थोडक्यात. ब्रेकअवे रोपिंग मुख्यतः बायका-मुलींचा खेळ, दोन-तीन सेकंदांत संपतो. दोर खोगिराला बारीक सुतळीने बांधलेला असतो आणि टोकाला फडकं. वासराच्या गळ्यात फास बसला की सुतळी तुटते, वासरू मोकळं. इथे फोटो एकच, सुतळी तुटून फडकं उडतं तो. टाय-डाउनमध्ये काउबॉय दातांत छोटी दोरी धरून घोड्यावरून उतरतो, वासरू पाडतो, तीन पाय बांधून हात वर करतो. दातांत दोरी, नजर वासरावर, मागे दोर ताणून धरणारा घोडा: हा फोटो सोपाही आहे आणि सुंदरही. पण त्याआधी फास बसल्याचा जो झटका असतो, तो वासराला सोसावा लागतो, हे मान्य केलं पाहिजे. मी तो क्षण लपवत नाही आणि सनसनाटीसाठी वापरतही नाही. तुमचं तुम्ही ठरवा, पण फोटो काढायच्या आधी ठरवा.

स्टीअर रेसलिंगमध्ये माणूस घोड्याच्या उजव्या अंगाने बैलावर झेपावतो. हा प्रकार रूढ करण्याचं श्रेय टेक्सासमध्ये १८७० साली जन्मलेल्या बिल पिकेट या कृष्णवर्णीय काउबॉयला देतात. फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्समध्ये त्याचा पुतळा आहे. बॅरल रेसिंगला, म्हणजे तीन पिंपांना वळसा घालत घोडा पळवायच्या शर्यतीला, तिसऱ्या पिंपापाशी, घोडा आत झुकतो तिथे उभे राहा. हात बसला की तिथेच १/६० वर कॅमेरा घोड्याबरोबर फिरवून बघा. दहात नऊ वाया जातील.

आता चारशे डॉलर. वापरलेली ८५ मिलिमीटर एफ १.८ घ्या. तुमच्या क्रॉप सेन्सरवर ती १३६ मिलिमीटरसारखी वागते. एफ २ वर ठेवलीत तर एफ ५.६ च्या आठपट प्रकाश: जिथे आयएसओ २५६०० लागत होता तिथे ३२००. झूम नाही, म्हणून जागा मोजून निवडायची. वीस मीटरवरून चौकट साधारण पाच मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच येते, उधळलेला घोडा आणि स्वार त्यात मावतात. खोड्यांपासून तेवढ्या अंतरावर उभे राहा. उरलेल्या पैशांत एक वेगवान कार्ड आणि जादा बॅटरी. पुढे कधी झूम घ्यावीशी वाटली तर जुनी ७०-२०० एफ २.८ घ्या, हात स्थिर करणारी यंत्रणा नसलेली. ती यंत्रणा तुमच्या हाताची थरथर थांबवते, घोड्याला थांबवत नाही. १/१००० वर तिचा उपयोग जवळपास शून्य आणि किंमत मात्र भरपूर.

रात्री तुमच्या ओळीने काढलेल्या फोटोंत एक पिवळा, एक हिरवट, एक काळपट आला असेल. तो कॅमेऱ्याचा दोष नाही. इथली वीज ६० हर्ट्‌झची, त्यामुळे जुने मेटल हॅलाइड दिवे सेकंदाला १२० वेळा मंद-तेज होतात आणि १/५०० चा शटर त्यातला कुठलाही तुकडा उचलतो. मेनूमध्ये अँटी-फ्लिकर आहे का बघा. कॅननने तो २०१४ च्या सेव्हन डी मार्क टू मध्ये दिला आणि नंतरच्या अनेक कॅमेऱ्यांत आला. तो चालू केला की कॅमेरा दिव्याच्या तेज क्षणाची वाट बघतो, फैर किंचित मंदावते. नसेल तर रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा आणि नंतर सावरा.

उधळणाऱ्या जनावरांचा फोटो पहिल्या दोन उड्यांत असतो. खेळ ८ सेकंदांचा खरा, पण बेअरबॅक आणि सॅडल ब्रॉन्कला (खोगीर घातलेला उधळणारा घोडा) नियमच असा आहे की घोड्याचे पुढचे पाय पहिल्यांदा जमिनीला लागतात तेव्हा स्वाराच्या टाचा घोड्याच्या खांद्यांच्या वर असायला हव्यात. ती पोझ तिथेच मिळते. पुढचे पाय मातीत, मागचे पाय पूर्ण वर, स्वाराचा मोकळा हात मागे आणि टोपी अजून डोक्यावर. स्वार मान हलवतो तेव्हाच श्वास धरा. टोपी उडून गेल्यावर चेहरा उजळ दिसतो हेही खरं, म्हणून तो पडला तरी कॅमेरा लगेच खाली करू नका.

बंदिस्त जागेतली सवय हवी असेल तर फोर्ट वर्थचं काउटाउन कोलिझियम बघा. इमारत १९०८ ची, १९१८ साली तिथे बंदिस्त जागेतला पहिला रोडिओ झाला, आणि शुक्रवार-शनिवारी वर्षभर खेळ असतात. १९३२ साली पशुप्रदर्शन म्हणून सुरू झालेला ह्यूस्टनचा रोडिओ जरूर पाहा, पण स्टेडियमच्या खुर्चीतून तुमच्या लेन्सला मुंग्या दिसतील. शिवाय मोठ्या ठिकाणी मोठी लेन्स आत नेता येते का, ते तिकिटाआधी वाचा.

रीतभात मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. फ्लॅश नाही. हेडर बॉक्समध्ये घोडा मागे घेत असताना समोरून चालत जायचं नाही. बॅरल रेसिंगच्या बोळात उभं राहायचं नाही, घोडी तिथून भरधाव येतात आणि तशाच परत जातात. लेन्सचं नाक पाइपांच्या आत काढायचं नाही. एकदा बैल कुंपणाला घासून गेला आणि माझ्या लेन्सचं हूड त्याच्याबरोबर गेलं. माझा हात चार बोटं मागे होता म्हणून वाचला. धुरळ्यासाठी कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवू नका, वाऱ्यात फडफडली की घोडा बुजतो आणि त्या फेरीचे पैसे कोणीतरी भरलेले असतात. मी सुती पंचा गुंडाळतो. लेन्स रिंगणाजवळ बदलत नाही, काच पुसत नाही, आधी ब्लोअरने फुंकतो.

गेल्या गेल्या नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या बाईंना सांगा: मी हौशी आहे, विकत नाही, कुठे उभा राहू? तिथे ठरलेला फोटोग्राफर असेल तर त्याचं पोट त्या विक्रीवर असतं; फोटो फुकट वाटून त्याचं गिऱ्हाईक तोडू नका. मेंढ्यांवर बसणाऱ्या लहानग्यांचे फोटो आई-बापांना विचारूनच. आणि कोणाचा चांगला फोटो आला तर चार बाय सहाचा प्रिंट काढून पुढच्या वेळी हातात द्या. मला सरावाच्या रिंगणात, मंगळवारी संध्याकाळी, खोड्याच्या अगदी मागे उभं राहायची परवानगी अशाच एका प्रिंटमुळे मिळाली.

येत्या शनिवारी जवळपास कुठे जॅकपॉट आहे का शोधा आणि सातच्या आत पोचा. पहिल्या दहा जोड्या कॅमेरा मांडीवर ठेवून नुसत्या बघा: हेडरची मान, डॅली, वळण, मग बैलाच्या उड्या मोजायच्या. अकराव्या जोडीपासून बटनाला हात लावा.